चार महिन्यांचं शून्य

१

पेटी उघडली तेव्हा सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. दफ्तरदारांनी काळ्या कापडाची लांबट वही बाहेर काढली, टेबलावर ठेवली आणि सवयीने आधी स्वतःच मधोमध उघडून पाहिली. मग त्यांचा हात तिथेच थबकला.

समोर मास्तरीणबाई उभ्या होत्या. "काय झालं?" म्हणत त्या वाकल्या.

वहीतली मधली पानं नव्हती. शिवणीला धरून, बोटाच्या पेराएवढ्या रुंदीच्या बारा पट्ट्या तेवढ्या उभ्या होत्या. बाकीचं कुणीतरी सफाईने कापून नेलं होतं.

ती बंदराची नोंदवही होती. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळात कुठलं जहाज कोणत्या दिवशी काय भरून निघालं, ते त्यात लिहिलेलं होतं. गेली तीस वर्षं सगळे धरून चालले होते की त्या वर्षीचे सर्वांत वाईट चार महिने बंदरातून धान्याचं एकही जहाज बाहेर गेलं नाही. हे सिद्ध केलं होतं या संशोधन संस्थेच्या सरांनी. त्यांचं पुस्तक शाळेच्या धड्यांपर्यंत पोचलं होतं. मास्तरीणबाईंनी स्वतः अठरा वर्षं तोच धडा शिकवला होता. मग वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी बिनपगारी रजा घेऊन त्या संशोधनाला आल्या, आणि तीन आठवड्यांपूर्वी या वहीत त्यांना त्याच चार महिन्यांत गेलेली धान्याची एकशे सतरा जहाजं सापडली. आज दुपारी चारच्या चर्चासत्रात त्या ते मांडणार होत्या. सर पहिल्या रांगेत बसणार होते.

विभागप्रमुख पाच मिनिटांत खाली आले. त्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली. मास्तरीणबाईंनी हात पुढे केला, तर म्हणाले, "हात लावायचा नाही. काल ही वही शेवटी कुणाकडे होती?"

"माझ्याकडे. पण मी पाच वाजता परत दिली. पानं होती त्यात!"

"तुम्ही सोडून ती पानं कुणी पाहिलीत?"

कुणीच नाही. वही गेल्याच वर्षी गोण्यांमधून आलेल्या जुन्या कागदांत निघाली होती. फोटो काढायला इथे बंदी होती. त्यामुळे मास्तरीणबाईंकडे फक्त हाताने उतरवलेली टिपणं होती.

"छान," विभागप्रमुख थंडपणे म्हणाले. "आकडे मनाने लिहायचे, आणि कुणी पडताळू नये म्हणून आदल्या दिवशी पानंच कापायची. चार वाजता चर्चासत्र होईल. पण तुमच्या निबंधावर नाही, तुमच्यावर. त्यानंतर मी पोलिसांना फोन करणार आहे."

त्यांनी तिथेच बसून तक्रार लिहिली. नुकसानीच्या दाखल्यावर कागददुरुस्तीवाल्या बाईची सही लागते, म्हणून तिला तळघरातून बोलावलं.

तिला सगळे डिंकमावशी म्हणत. तिला ते मुळीच आवडत नसे, कारण तिने उभ्या आयुष्यात डिंक वापरला नव्हता. ती स्वतः शिजवलेली खळ वापरायची. एकसष्ट वर्षांची, बुटकी, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. तिने वही खिडकीशी नेली, चष्मा चढवला, पट्ट्यांवरून नख फिरवलं, वहीचा वास घेतला. बराच वेळ गेला.

"सही करा ना मावशी," विभागप्रमुख वैतागले. "'काल कापलेली पानं' एवढंच लिहायचंय."

मावशीने पेन खाली ठेवलं.

"नाही करणार. ही पानं काल कापलेली नाहीत."

२

"कागद कापला की कड पांढरी दिसते," मावशी म्हणाली. "आतला कागद ताजा असतो. मग हवा लागून ती तपकिरी होत जाते. या पट्ट्यांच्या कडा बघा. चहात बुडवल्यासारख्या झाल्यात. पंचवीस-तीस वर्षं तरी सहज झाली असतील."

मास्तरीणबाईंना वाटलं, सुटले. पण विभागप्रमुखांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं.

"म्हणजे पानं तीस वर्षं नाहीतच! मग या बाईंनी तीन आठवड्यांपूर्वी वाचलं काय? हे तर फारच सोपं झालं."

मावशीने आपल्या बोलण्याने बाईंना आणखी खोल खड्ड्यात लोटलं होतं, आणि ते तिच्याही लक्षात आलं होतं. ती मास्तरीणबाईंचा दंड धरून त्यांना तळघरातल्या आपल्या खोलीत घेऊन गेली, स्टुलावर बसवलं आणि पाण्याचा पेला दिला.

"खरं सांगा. पानं पाहिलीत तुम्ही?"

"मावशी, अठरा वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यात मी. न पाहिलेलं पाहिलं म्हणायची सवय नाही मला." "घरी नवरा म्हणत होता, कशाला मोठ्या माणसांच्या वाटेला जातेस? आता त्याला काय सांगू? शाळासुद्धा परत घेणार नाही मला."

"रडायला संध्याकाळ आहे. टिपणं दाखवा."

टिपणांची चळत जाड होती. प्रत्येक जहाजापुढे तारीख, माल, पोती, आणि डाव्या कोपऱ्यात वहीचं पान. मावशीने पहिलं जहाज पाहिलं, शेवटचं पाहिलं. मग तिने दाखल्याबरोबर आलेली तक्रारीची प्रत उघडली.

"तक्रारीत लिहिलंय, गहाळ पानं सत्त्याण्णव ते एकशे वीस. तुमचं पहिलं जहाज कितव्या पानावर आहे?"

"एकशे एकतीस. शेवटचं एकशे अठ्ठावन्न."

मावशीने टिपणं आणि तक्रार शेजारी शेजारी ठेवली.

"खोटं लिहायचं असतं तर तुम्ही गहाळ पानांचेच आकडे टाकले असते," मावशी सावकाश म्हणाली. "आणि आणखी एक. नंबराची चिठ्ठी या वहीला मीच चिकटवली होती, तीन आठवड्यांपूर्वी. खळीने. आता तिच्या कडेला डिंक चमकतोय आणि शाई फुटलीय. कुणीतरी ती ओली करून सोडवली आणि दुसरीकडे चिकटवली."

"दुसरीकडे म्हणजे?"

"बाई, वर टेबलावर आहे ती तुमची वही नाहीच."

३

दफ्तरदार सज्जन गृहस्थ होते. नोकरीला अडतीस वर्षं झाली होती आणि निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. मावशीने दार लोटून घेतलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"बंदराच्या वहीच्या दोन प्रती असायच्या का हो?"

"असायच्या. एकच कारकून दोन्ही लिहायचा. एक बंदरात राहायची, दुसरी मोठ्या कचेरीत जायची. गोण्यांमधून आली ती कचेरीची."

"आणि बंदराची?"

त्यांनी एक जुनं नोंदपुस्तक काढलं. त्या वर्षाच्या वहीपुढे लाल शाईत एकच शब्द होता: गहाळ. तारीख तीस वर्षांपूर्वीची. "सरांचं पुस्तक आलं त्याच वर्षी. त्यांचं काम झाल्यावर लक्षात आलं. सरांनी तपासलीय म्हटल्यावर कुणी फार शोधलीही नाही."

"ती सापडलीय. तुमच्या टेबलावर आहे," मावशी म्हणाली.

दफ्तरदारांनी नोंदपुस्तक मिटलं.

तीस वर्षं ती वही संस्थेत नव्हती, हे मावशीला वासावरूनच कळलं होतं. वहीला डांबरगोळ्यांचा वास येत होता. दफ्तरखान्यात तिने त्या गोळ्या कधीच येऊ दिल्या नव्हत्या. हा वास घरातल्या कपाटाचा, कपड्यांमधला होता.

"तीस वर्षांपूर्वी इथे वावर कुणाचा होता? आज जे आहेत त्यांच्यापैकी?"

"माझा. सरांचा." ते जरा घुटमळले. "विभागप्रमुख तेव्हा शाळेत असतील."

"काल वाचनकक्षात कोण कोण आलं?"

"मास्तरीणबाई. विभागप्रमुख एकदा दारातून डोकावले. काकू आल्या होत्या चारच्या सुमारास, सरांचा चहा घेऊन. नेहमीसारख्या."

काकू म्हणजे सरांची बायको. संस्थेच्या मागच्याच घरात दोघं राहत. सर वर आपल्या खोलीत लिहीत बसायचे आणि काकू रोज चारला थर्मास घेऊन यायच्या. येता-जाता प्रत्येकाची विचारपूस करायच्या.

"खाली कशाला आल्या?"

"बाईंना शुभेच्छा द्यायला. म्हणाल्या, उद्या घाबरू नकोस, यांचा आवाज मोठा आहे पण मन मोठं आहे. बाई मग निबंधाच्या प्रती आणायला वर गेल्या. मी गोण्यांच्या खोलीत होतो. दहा मिनिटं, फार तर पंधरा. परत आल्यावर बाई प्रतीच लावत बसल्या, वही पुन्हा उघडली नाही त्यांनी."

"आणि पाच वाजता वही परत घेताना उघडून पाहिलीत?"

दफ्तरदारांनी मान खाली घातली. "नंबर पाहिला. पेटीत ठेवली."

फाटकावर पहारेकरी होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तो उघडायचा. स्वतः विभागप्रमुखांचीही. मावशीने त्याला विचारलं, कुणाची पिशवी तपासत नाहीस?

"कुणाचीच सोडत नाही," तो ताठ होऊन म्हणाला. मग जीभ चावली. "म्हणजे... काकूंची नाही. थर्मासची पिशवी काय तपासायची, मावशी?"

पिशवी तर काकूंची होती. पण ती कुणाच्या सांगण्यावरून आली होती?

घड्याळात दोन वाजत आले होते. मावशी जिना चढायला लागली.

४

सरांना डॉक्टरांनी जिने बंद केले होते. सकाळी एकदा वर चढायचे आणि संध्याकाळी उतरायचे. तळघरात तर ते कित्येक वर्षांत फिरकले नव्हते. वय अठ्ठ्याहत्तर. टेबलावर मास्तरीणबाईंचा निबंध उघडा होता आणि त्यांच्या खुणांनी भरला होता.

"ये. ऐकलं मी. मूर्खपणा आहे," ते गरजले. "ही बाई पानं कापणारी नव्हे. चुकली असेल, पण चोर नाही. मी प्रमुखांना तसं सांगितलंय."

"सर, तुमच्या पुस्तकात तळटीप आहे. 'या चार महिन्यांची वही पाहिली, धान्याचं एकही जहाज नाही.' ती वही तुम्ही पाहिली होती?"

सर तिच्याकडे रोखून पाहत राहिले. अशा प्रश्नाची त्यांना सवय नव्हती.

"माझ्यावर संशय आहे तुझा?"

"सकाळी होता."

"आणि आता?"

"आता फक्त विचारतेय."

सरांनी निबंध मिटून बाजूला ठेवला.

"अठ्ठेचाळीस वह्या होत्या," सर म्हणाले. "एवढं मोजणं एकट्याचं काम नव्हे. मोजणी खाली व्हायची. तक्ते वर यायचे. मी लिहायचो."

"ते तक्ते आहेत?"

ते कपाटाच्या खालच्या खणात होते. पिवळे पडलेले मोठे कागद. मावशीने चष्मा सावरला. प्रत्येक जहाजाला पेन्सिलीची एक बारीक उभी रेघ होती आणि दर दहा रेघांनंतर मोहरीएवढं एक वर्तुळ. कागदामागून कागद, तशीच नेटकी वर्तुळं.

"सर, कापलेल्या वहीत जी पानं उरलीत, त्यांच्या समासात अशाच रेघा आहेत. दहा झाल्या की वर्तुळ. जिने हे तक्ते केले, तिनेच ती वही मोजली."

"मोजली असणारच. त्यात काय?"

"शेवटच्या पट्टीवरही एक वर्तुळ अर्धं कापलं गेलंय. म्हणजे त्या चार महिन्यांतही जहाजं मोजली गेली. किमान दहा. आणि तक्त्यात?"

सरांनी तो कागद ओढून घेतला. चार महिन्यांच्या चार चौकटी. चारही चौकटींत शून्य. त्यांनी एकेका शून्यावर बोट ठेवलं.

"ही मोजणी कुणाची, सर?"

सरांनी तक्ता दूर सारला. टेबलावरच त्यांचं पुस्तक होतं. मावशीने प्रस्तावनेचं शेवटचं पान उघडलं. चौदा जणांचे आभार होते, आणि सर्वांत शेवटी: 'सुवाच्य प्रत करून दिल्याबद्दल सौभाग्यवतींचे'.

५

काकूंनी दार उघडलं तेव्हा त्या बाहेर निघण्याच्या तयारीत होत्या. चांगली साडी नेसल्या होत्या. मावशीला पाहून त्या हसल्या, मग मावशीने काही विचारायच्या आतच त्यांचं हसू मावळलं.

"तू येशील असं वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी नीट बसली नाही ना?"

"डिंक लावलात, काकू."

"वाचनकक्षात तेवढीच बाटली होती."

"ती वही आहे की...?" मावशीने आत पाहिलं. मागच्या खोलीत चूल दिसत होती.

काकू आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला आणि डांबरगोळ्यांचा वास दारापर्यंत पोचला. त्या परत आल्या तेव्हा हातात काळी वही होती. वर बारा जुनी पानं, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली.

"दोनदा काडी ओढली. तेव्हाही आणि कालही," त्या म्हणाल्या. "जाळवत नाही ग. इतकं सुरेख अक्षर आहे त्या कारकुनाचं."

"मग कापलीत कशाला?"

"पुस्तक छापखान्यात होतं. यांची नोकरी त्याच्यावर होती. दोन मुलं, आणि हे घर संस्थेचं. शेवटची वही मोजायला घेतली आणि जहाजं थांबेचनात. रोज एक, रोज दोन. मी सगळी मोजली आणि तक्त्यात शून्य लिहिलं. मग भीती वाटली, हे कधी खाली उतरून बघतील. म्हणून पानं कापली. मग पट्ट्या दिसायला लागल्या, म्हणून वहीच घरी आणली."

"आणि काल बाईंच्या माथी मारलीत?"

"नाही!" काकू पहिल्यांदाच जोराने बोलल्या. "मला वाटलं, लोक म्हणतील पानं पहिल्यापासूनच नव्हती, तिची काहीतरी गफलत झाली. चोरीचा आळ येईल असं नव्हतं वाटलं. सकाळपासून तेच सांगायला निघतेय. तीनदा चपला घातल्या."

"सरांना सांगायचं होतंत. तेव्हाच."

"सांगितलं असतं तर त्यांनी पुस्तक परत आणलं असतं."

"हो, आणलं असतं," दारातून आवाज आला.

सर उभे होते. भिंतीला धरून, धापा टाकत. एकटेच जिना उतरून, अंगण ओलांडून आले होते. काकू खुर्ची आणायला धावल्या, पण ते बसले नाहीत.

"आणि पुढच्या महिन्यात रस्त्यावर आलो असतो," काकू म्हणाल्या.

"आलो असतो."

"मुलं लहान होती."

"ठाऊक आहे. माझीच होती." त्यांचा मोठा आवाज पार बसला होता. "पण तू मला विचारलं नाहीस. तीस वर्षं मी ते शून्य छातीठोकपणे सांगत फिरलो. किती जणांना मूर्ख म्हणालो, अगं. माणसं भुकेने मरत होती तेव्हा पोती बाहेर जात होती, आणि मी म्हणालो, नाही."

"अख्ख्या पुस्तकात खोटा तेवढा एकच आकडा," काकू म्हणाल्या, "आणि सगळे नेमका तोच सांगत सुटले. दर वेळी ऐकताना मला..."

चारला दहा कमी होते.

६

सभागृह भरलं होतं. विभागप्रमुख तक्रार हातात घेऊन व्यासपीठावर उभे होते आणि मास्तरीणबाई बाजूच्या खुर्चीवर पांढऱ्याफटक चेहऱ्याने बसल्या होत्या. मावशी सरळ मधल्या वाटेने गेली आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

"पान एकशे एकतीस," ती म्हणाली.

बाईंनी उघडलं. त्यांनी पान सभेकडे वळवून धरलं. विभागप्रमुख काही म्हणणार, तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला.

"प्रमुख, तो कागद फाडा आणि खाली बसा. त्या बाईंची माफी मागायला अजून चार मिनिटं आहेत तुमच्याकडे."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सर पहिल्या रांगेत आले, पण बसले नाहीत.

"माझ्या पुस्तकाचा सातवा अध्याय चुकीचा आहे," ते सभेला म्हणाले. "चार महिन्यांच्या चौकटींत जे शून्य आहे ते खोटं आहे. का आहे ते मी लेखी देईन. आज एवढंच सांगतो की दोष माझा आहे. मी न पाहिलेल्या वहीखाली 'पाहिली' असं लिहिलं. संशोधनात याहून मोठा गुन्हा मला ठाऊक नाही. आता बाई बोलतील."

विभागप्रमुख व्यासपीठावरून उतरले. मास्तरीणबाईंजवळून जाताना ते पुटपुटले, "चूक झाली माझी." बाईंनी मान हलवली. माफी स्वीकारायलाही त्यांना या घटकेला वेळ नव्हता.

त्या उभ्या राहिल्या. पहिली दोन वाक्यं अडखळली. मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. कोणत्या महिन्यात किती जहाजं, कुठला माल, किती पोती. त्याच आठवड्यांत शहरात भाव कसे चढले. बंदर बंद नव्हतं, हे त्यांनी एकेक तारीख घेऊन दाखवलं.

"या चार महिन्यांत," त्या शेवटी म्हणाल्या, "धान्याची एकशे सतरा जहाजं या बंदरातून बाहेर गेली."

"एकशे अठरा."

आवाज बारीक होता. सगळ्यांनी वळून पाहिलं. काकू आत आलेल्या नव्हत्या, दाराच्या चौकटीशी उभ्या होत्या. हातात फडक्यात गुंडाळलेली पानं होती.

"तिसऱ्या महिन्याची बावीस तारीख," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी दोन निघाली. काल रात्री दोन्ही वह्या ताडून पाहिल्या मी. तुझ्या वहीत दुसऱ्याला ओळ पुरली नाही, म्हणून कारकुनाने ते पानाच्या अगदी तळाला बारीक अक्षरात लिहिलंय. सातशे पोती गहू."

मास्तरीणबाईंनी पानं उलटली, बोट खाली खाली नेलं आणि वाकून पाहिलं. पानाच्या तळाला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, ते जहाज होतं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

सर हळूहळू दारापर्यंत चालत गेले, तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काकूंच्या हातातलं ओझं आपल्याकडे घेतलं, आणि पहिल्या रांगेतली आपली खुर्ची त्यांना दाखवली.

"बस," ते म्हणाले. "मोजणाऱ्याने पुढे बसायचं असतं."

काकूंना पाऊल उचलायला वेळ लागला. मास्तरीणबाई व्यासपीठावर थांबून राहिल्या. काकू खुर्चीवर बसेपर्यंत त्यांनी पुढचं वाक्य सुरू केलं नाही.